लिनक्सवर मोडेम लावताना: खालून वर, एकेक थर तपासत

प्रश्न थोडक्यात असा. विंडोजवर मोडेमने इंटरनेट रोज चालायचं. त्याच संगणकावर आता लिनक्स टाकलंय. मोडेम तोच, फोनची तार तीच, इंटरनेट सेवेचं नाव आणि पासवर्डही तेच. पण एक डायलर (फोन लावून जोडणी करणारा प्रोग्राम) म्हणतो मोडेमच सापडत नाही. दुसऱ्यात नेहमीची खरखर ऐकू येते, 'जोडणी झाली' असंही दिसतं, आणि तरी एकही पान उघडत नाही. इन्स्टॉल करताना नेटवर्क कार्डाबद्दल काही आकडे विचारले होते, तिथे आधीच भरलेले आकडे तसेच ठेवून पुढे गेलो, असंही शेवटी लिहिलंय. परत विंडोज टाकावं का?

गरज नाही. तुमच्या वर्णनातच निदान जवळजवळ झालेलं आहे. दुसऱ्या डायलरने फोन लावला, पलीकडून उचलला गेला, दोन्हीकडच्या मोडेमचं जमलं. म्हणजे तुमचा मोडेम ठीक आहे, तार ठीक आहे, आणि लिनक्सला तो मोडेम हाताळता येतो. पहिल्या डायलरची तक्रार नुसती चुकीच्या पोर्टची दिसते. पान न उघडण्याचं कारण तर मोडेममध्ये नाहीच. ते माझ्या मते त्या नेटवर्क कार्डाच्या आकड्यांत आहे, ज्यांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात. तिथे येतोच, पण मधल्या पायऱ्या गाळणार नाही. उद्या दुसरं काही अडलं तर याच पायऱ्या कामी येतील.

विंडोजमध्ये 'कनेक्ट'चं बटण दाबलं की त्यामागे पाच-सहा वेगवेगळी कामं होतात, आणि त्यांतलं कुठलंही फसलं तरी समोर एकच चौकट येते. लिनक्समध्ये ही कामं वेगवेगळ्या प्रोग्रामांकडे वाटलेली आहेत. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मोडेमचं पोर्ट (तो जिथे जोडलाय ती जागा) दाखवतो. डायलर, किंवा चॅट नावाचा छोटा प्रोग्राम, फोन लावतो. पीपीपीडी हा प्रोग्राम पीपीपी या फोनवरून इंटरनेट जोडण्याच्या भाषेत पलीकडच्या यंत्राशी बोलणी करून आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा आकडी पत्ता, मिळवतो. राउटिंग टेबलवरून ठरतं की डेटाचं प्रत्येक पॅकेट कुठल्या वाटेने बाहेर पडायचं. शेवटी डीएनएसमुळे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सापडतो. नवीन माणसाला हा सगळा पसारा वाटतो, पण दुरुस्त करणाऱ्यासाठी यासारखी सोय नाही, कारण दोष कुठल्या थरात आहे ते नेमकं बोट ठेवून सांगता येतं. पथ्य एकच: खालच्या थराची खात्री झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. लोक नेमकं उलटं करतात. पान उघडलं नाही की ब्राउझर बदलतात, मग डायलर बदलतात, पासवर्ड परत परत टाकतात, शेवटी डिस्ट्रोच, म्हणजे लिनक्सची आवृत्तीच, बदलतात. मूळ दोष जागच्या जागी राहतो.

मोडेम खरा की अर्धा?

तुमचा मोडेम या परीक्षेत पास झालाय, तरी इथे जरा थांबतो. 'लिनक्सवर मोडेम चालत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

पूर्ण मोडेममध्ये दोन कामं त्याच्या स्वतःच्या चिपवर होतात. पहिलं कंट्रोलरचं: संगणकाचे आदेश समजून घेणं, फोन लावणं, चुकलेला डेटा परत मागवणं. दुसरं सिग्नल प्रोसेसरचं: बिटांचा आवाज करणं आणि आवाजाचे पुन्हा बिट करणं. नव्वदच्या दशकात संगणकाचे प्रोसेसर पुरेसे वेगवान झाले, तेव्हा उत्पादकांनी यातलं एक काम, कधी दोन्ही, मोडेममधून काढून मुख्य प्रोसेसरवर टाकली. कार्ड स्वस्त झालं. पण ती कामं करणारं सॉफ्टवेअर विंडोजपुरतंच लिहिलं गेलं, म्हणून अशा कार्डांना विनमोडेम हे नाव पडलं. योग्य ड्रायव्हर नसेल तर लिनक्सच्या दृष्टीने ते कार्ड अपुरं यंत्र आहे. त्याला आदेश पाठवले तरी ते ऐकायला पलीकडे कोणी नसतं. दोष लिनक्सचा नाही आणि तुमचाही नाही.

ओळखायचं कसं? सीरियल पोर्टला केबलने जोडायचा, स्वतःचा वीजपुरवठा असलेला बाहेरचा मोडेम जवळजवळ नेहमीच पूर्ण असतो. जंपर (हाताने बदलायच्या छोट्या पिना) असलेली, जुन्या आयएसए खाचेत बसणारी कार्डंही बहुधा पूर्ण असतात. नंतरच्या पीसीआय खाचेतली कार्डं आणि लॅपटॉपच्या आतले मोडेम मात्र बहुतांशी विनमोडेम. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय हा आदेश द्या. मोडेमच्या ओळीत 'सीरियल कंट्रोलर' लिहिलं असेल तर आशा धरायला हरकत नाही. 'कम्युनिकेशन कंट्रोलर' लिहिलं असेल तर सहसा तो विनमोडेम निघतो. यूएसबी मोडेमचे दोन प्रकार आहेत. एसीएम नावाचं प्रमाण पाळणारा मोडेम लावला की कर्नल लगेच टीटीवायएसीएम० हे पोर्ट तयार करतो आणि काम सुरू होतं. बाकीच्यांना ड्रायव्हर शोधावा लागतो.

काही विनमोडेमसाठी लिनक्सचे ड्रायव्हर निघाले. ल्युसेंटच्या चिपसाठी एलटीमोडेम आहे, स्मार्ट लिंकच्या चिपसाठी एसएलमोडेम, कोनेक्झंटसाठी एचएसएफ. स्कॅनमोडेम नावाची एक स्क्रिप्ट तुमच्या कार्डावरची चिप ओळखून कुठला ड्रायव्हर लागेल ते सांगते. अडचण अशी की हे ड्रायव्हर विशिष्ट कर्नलशी बांधलेले असतात. कर्नल बदलला की परत बांधणी करा, त्यासाठी कंपायलर हवा, कर्नलच्या हेडर फाइल हव्यात, आणि त्या उतरवायला इंटरनेट हवं, जे तुमच्याकडे अजून नाही. म्हणून सगळी पॅकेजं दुसऱ्या संगणकावरून आधीच आणून ठेवावी लागतात. हौस असेल तर जरूर करा, शिकायला खूप मिळतं. पण इंटरनेट चालू होणं महत्त्वाचं असेल तर माझा सल्ला सरळ आहे: बाहेरचा सीरियल मोडेम मिळवा, जुना वापरलेला असला तरी चालेल. तो कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर, कुठल्याही कर्नलवर, ड्रायव्हर न मागता चालतो.

पोर्ट, परवानगी आणि कुलूप

विंडोजचं कॉम१ म्हणजे लिनक्सचं टीटीवायएस०. कॉम२ म्हणजे टीटीवायएस१. आणि असंच पुढे, एकाच्या फरकाने. ही सगळी नावं डेव्ह फोल्डरात असतात. त्याच फोल्डरात कित्येकदा 'मोडेम' नावाची एक लिंक असते, जी खऱ्या पोर्टाकडे बोट दाखवते. तुमचा पहिला डायलर बहुधा या लिंकवर विसंबून आहे आणि लिंक एकतर नाही किंवा भलत्याच पोर्टाकडे वळलेली आहे. दुसऱ्या डायलरच्या मांडणीत कुठलं पोर्ट आहे ते बघा आणि तेच पहिल्यात टाका.

तरीही मोडेम सापडला नाही तर दोन गोष्टी बघा. एक, परवानगी. पोर्ट वापरायला तुमचं खातं ठरावीक गटात असावं लागतं. डेबियनच्या कुळात हा गट डायलआउट, इतर काही डिस्ट्रोंत यूयूसीपी. गटात नाव घातल्यावर एकदा लॉग आउट करून परत आत या, नाहीतर बदल लागू होत नाही. दुसरी गोष्ट, कुलूप. एक प्रोग्राम मोडेम वापरत असताना दुसऱ्याने मध्ये घुसू नये म्हणून व्हार या सिस्टीमच्या फोल्डरातल्या लॉक फोल्डरात एक फाइल तयार होते, नाव एलसीके आणि पुढे पोर्टाचं नाव. एक डायलर मागे चालूच असेल तर दुसऱ्याला मोडेम मिळणार नाही, आणि ते बरोबरच आहे. डायलर मध्येच कोसळला तर ही फाइल कधी कधी मागे राहते. तो प्रोग्राम खरंच बंद आहे ना याची खात्री करून ती पुसून टाका.

मोडेमशी स्वतः बोला

आता डायलर बाजूला ठेवा आणि मिनिकॉम उघडा. मोडेमला थेट आदेश टाइप करून देता येतील असा हा टर्मिनल प्रोग्राम आहे. पहिल्यांदा 'मिनिकॉम -एस' असं उघडलंत तर मांडणीचा पडदा येईल. पोर्ट तुमचं, वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, हार्डवेअर फ्लो कंट्रोल (डेटा साचला की तारेवरूनच 'थांब' सांगण्याची सोय) चालू. मांडणीतून बाहेर या, एटी ही दोन अक्षरं टाइप करा आणि एंटर दाबा.

खाली 'ओके' उमटलं तर मोडेमपर्यंतचा रस्ता पूर्ण मोकळा आहे. टाइप केलेली अक्षरंही तुम्हाला दिसतात ती मोडेमने परत पाठवल्यामुळे. म्हणून अक्षरंच दिसली नाहीत तर पोर्ट चुकलंय, किंवा मोडेम बंद आहे, किंवा तो अर्धा मोडेम आहे. आणि अक्षरं दिसली पण कितीतरी सेकंदांनी, थबकत थबकत आली, तर इंटरप्टचा, म्हणजे यंत्र ज्या क्रमांकाने प्रोसेसरचं लक्ष वेधतं त्याचा, घोळ आहे. जुन्या संगणकांत कॉम१ आणि कॉम३ यांचा इंटरप्ट ४, तर कॉम२ आणि कॉम४ यांचा ३, त्यामुळे दोन यंत्रं एकाच इंटरप्टवर येतात. सेटसीरियल या आदेशाने कर्नलला खरा इंटरप्ट सांगता येतो.

हे आदेश हेज कंपनीच्या १९८१ सालच्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेत आणि जवळपास प्रत्येक मोडेम ते पाळतो. रोजच्या कामाला मूठभर पुरतात. एटी&एफ मोडेमला कारखान्यातल्या मांडणीवर आणतो. एटीझेड जतन केलेली मांडणी परत लावतो. एटीआय मोडेमची ओळख सांगतो. एटीडीटी आणि पुढे नंबर म्हणजे टोनने फोन लावा. जुन्या, पल्सवर चालणाऱ्या लाइनसाठी एटीडीपी. एटीएच म्हणजे फोन ठेवा. जोडणी चालू असताना आदेश द्यायचा असेल तर एक सेकंद काहीही न पाठवता थांबून +++ टाइप करायचं, परत एक सेकंद थांबायचं.

यातला माझ्या सर्वात जास्त उपयोगी पडलेला आदेश म्हणजे एटीएक्स३. कित्येक ठिकाणी फोन उचलला की येणारा डायलटोन मोडेमला ओळखता येत नाही. मध्ये एक्स्चेंज असतं, किंवा व्हॉइसमेल आलेला असल्यामुळे टोन तुटक येतो. मोडेम 'नो डायलटोन' म्हणून थांबतो, आणि माणूस तार तपासत बसतो. एटीएक्स३ दिला की मोडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. बाहेरच्या लाइनसाठी आधी ० दाबावा लागत असेल तर त्यानंतर स्वल्पविराम द्या. एका स्वल्पविरामाला मोडेम साधारण दोन सेकंद थांबतो. आणि लाइनवर कॉल वेटिंग असेल तर ते बंद ठेवा, कारण मध्येच येणारी टीं-टीं जोडणी तोडते.

आता एटीडीटी आणि सेवेचा नंबर द्या. 'बिझी' आणि 'नो डायलटोन' यांचा अर्थ उघड आहे. 'नो कॅरिअर' म्हणजे फोन लागला पण मोडेमचं जमलं नाही, किंवा जमलेलं तुटलं. 'कनेक्ट' आलं की थांबा आणि पडद्याकडे नीट बघा. इथे जे दिसतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. काही आलं नाही तर एक-दोनदा एंटर दाबा. एकतर स्वच्छ अक्षरांत लॉगिन विचारलं जाईल, किंवा अचानक ~ आणि } या चिन्हांनी भरलेला कचरा उमटेल आणि थोड्या थोड्या वेळाने तसाच पुन्हा येईल. हा कचरा दिसला की आनंद माना. पीपीपीमधली प्रत्येक फ्रेम ज्या बाइटने सुरू होते तो बाइट पडद्यावर ~ असा दिसतो, आणि विशेष बाइटांच्या आधी जी खूण लावतात ती } अशी. म्हणजे पलीकडचं यंत्र पीपीपी बोलायला लागलंय आणि उत्तराची वाट बघतंय. अशा ठिकाणी डायलरला लॉगिनची स्क्रिप्ट द्यायची नाही. 'कनेक्ट' आल्याबरोबर पीपीपीडी सुरू करायचा, बस. डब्ल्यूव्हीडायल या डायलरमध्ये यासाठी 'स्टुपिड मोड' नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. उलट लॉगिन विचारलं गेलं तर नाव आणि पासवर्ड स्क्रिप्टमधून पाठवायचा, आणि पीपीपीडी त्यानंतर सुरू करायचा.

लिनक्सला मोडेम परका आहे असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही, म्हणून हे सांगतो. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स घरून मोडेमने विद्यापीठाच्या संगणकाशी जोडून घेण्यासाठी एक टर्मिनल प्रोग्राम लिहीत होते. त्याला फाइल उतरवता याव्यात म्हणून डिस्कचा ड्रायव्हर जोडला, फाइल सिस्टीम जोडली, आणि वाढत वाढत त्याचं लिनक्स झालं. मिनिकॉममध्ये तुम्ही आता करताय तेच काम या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुळाशी आहे.

पीपीपीची बोलणी

फोन लागला, आता पीपीपीडीची पाळी. त्याच्या मांडणीत 'डीबग' हा पर्याय घाला आणि व्हारमधल्या लॉग फोल्डरातली मेसेजेस किंवा सिसलॉग ही फाइल उघडी ठेवा. बोलणी तीन टप्प्यांत होतात आणि लॉगमध्ये तिन्ही दिसतात.

पहिला टप्पा एलसीपी, लाइनच्या अटी ठरवण्याचा. तुमच्याकडून 'सेंट' आणि तिकडून 'रिसीव्ह्ड' अशा ओळी आलटून पालटून दिसायला हव्यात. नुसत्याच 'सेंट' दिसल्या आणि शेवटी टाइमआउट झाला, तर पलीकडचं यंत्र पीपीपी बोलत नाहीये. बहुधा ते अजून लॉगिनची वाट बघतंय. 'लाइन लूप्ड बॅक' असा निरोप आला तर तुमचंच बोलणं तुम्हाला परत येतंय. पलीकडे लॉगिनचा पडदा आहे आणि तो तुम्ही पाठवलेली अक्षरं परत छापतोय. दोन्हींवर उपाय एकच, वर सांगितलेली स्क्रिप्ट.

दुसरा टप्पा ओळख पटवण्याचा, पीएपी किंवा सीएचएपी या पद्धतीने. ईटीसी या मांडणीच्या फाइलींच्या फोल्डरातल्या पीपीपी फोल्डरात या दोन्हींसाठी वेगळ्या सीक्रेट्स फाइल असतात. दोन्हींत एकच ओळ टाका: नाव, मग *, मग पासवर्ड. सेवादाता कुठली पद्धत वापरतो याचा विचारच करावा लागत नाही. पासवर्डात # किंवा मोकळी जागा असेल तर तो अवतरणचिन्हांत घाला. काही सेवांना नावापुढे @ लावून त्यांचं डोमेनही लागतं. विंडोजमध्ये ते लिहिलेलं असायचं का ते आठवून बघा. 'यूजर' या पर्यायातलं नाव आणि फाइलमधलं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांसकट.

याच टप्प्यावर नवीन माणसं 'नोऑथ'पाशी अडतात. पीपीपीडी दोन्ही बाजूंनी सारखाच काम करतो, फोन लावणाऱ्याकडे आणि फोन घेणाऱ्याकडेही. काही डिस्ट्रोंच्या मांडणीत तो समोरच्यालाच ओळख मागतो. सेवादात्याचं यंत्र तुम्हाला पासवर्ड देणार नाही हे उघड आहे, मग पीपीपीडी फोन ठेवून देतो. मांडणीत 'नोऑथ' लिहिलं की तो समोरच्याकडे ओळख मागत नाही. तुमची ओळख मात्र तो देतोच. सुरक्षितता कमी होईल या भीतीने बरेच जण हा पर्याय टाळतात, पण तुम्ही स्वतः फोन लावत असताना त्यात काळजीचं काही नाही.

तिसरा टप्पा आयपीसीपी, त्यात तुम्हाला आयपी पत्ता मिळतो. लॉगमध्ये 'लोकल आयपी अ‍ॅड्रेस' आणि 'रिमोट आयपी अ‍ॅड्रेस' या दोन ओळी दिसल्या की बोलणी पूर्ण. पीपीपीडी थांबला तर त्याचा एक्झिट कोड, म्हणजे थांबण्याचं कारण सांगणारा आकडा, बघा. १९ म्हणजे तुमचं नाव-पासवर्ड नाकारलं गेलं. १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला. १० म्हणजे बोलणीच जुळली नाहीत.

जोडणी झाली, पान उघडत नाही

ही तुमची खरी जागा. दुसऱ्या डायलरने जोडल्यावर टर्मिनलमध्ये आयएफकॉन्फिग किंवा 'आयपी अ‍ॅड्र' द्या. पीपीपी० नावाचं यंत्र आणि त्याला पत्ता दिसेल. त्याच यादीत नेटवर्क कार्डही असेल, बहुधा ईटीएच० या नावाने, आणि त्यालाही पत्ता असेल. आता 'रूट -एन' (route -n, इथे रूट म्हणजे वाट) द्या आणि डिफॉल्टची, म्हणजे ०.०.०.० ने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी पीपीपी० असेल तर सगळं बरोबर आहे. माझा अंदाज आहे की तिथे ईटीएच० असेल.

असं झालंय की इन्स्टॉल करताना तुम्ही जे आकडे तसेच ठेवलेत त्यांत एक गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराचा पत्ता, होता, समजा १९२.१६८.१.१. संगणक सुरू होतो तेव्हा लिनक्स विश्वासाने तो गेटवे लावतं: बाहेर जाणारं सगळं काही नेटवर्क कार्डातून पाठवा. त्या कार्डाला केबलही नसते. नंतर पीपीपीडी जोडणी करतो, 'डिफॉल्टरूट' या पर्यायाप्रमाणे आपली वाट लावायला जातो, तर तिथे आधीच एक वाट असते. आधीची वाट तो मोडत नाही. लॉगमध्ये 'नॉट रिप्लेसिंग एग्झिस्टिंग डिफॉल्ट रूट' असं लिहितो आणि गप्प बसतो. डायलरमध्ये हिरवा दिवा आणि तुमची सगळी पॅकेट बंद दारावर, असं दृश्य तयार होतं.

खात्री करायला तीन पिंग पुरतात, याच क्रमाने. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. आधी रिमोट आयपी म्हणून जो पत्ता मिळाला त्याला पिंग करा. उत्तर आलं तर पीपीपीची जोडणी जिवंत आहे. (काही सेवादाते पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून एवढ्यावरून नाही म्हणू नका.) मग बाहेरच्या एखाद्या आयपी पत्त्याला करा, जसं ८.८.८.८. इथे 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर त्या ओळीच्या सुरुवातीला 'फ्रॉम' पुढे कुठला पत्ता आहे ते वाचा. तिथे तुमच्याच नेटवर्क कार्डाचा पत्ता दिसला की दोष रंगेहाथ सापडला. तिसरा पिंग एखाद्या साइटच्या नावाला.

उपाय सोपा आहे. आत्तापुरता: प्रशासकाच्या (root) खात्यातून 'रूट डेल डिफॉल्ट' (route del default) द्या आणि परत जोडा. कायमचा: कार्डाच्या मांडणीतून गेटवेची ओळ काढा. डेबियनच्या कुळात ती ईटीसीमधल्या नेटवर्क फोल्डरातल्या इंटरफेसेस फाइलमध्ये असते, रेड हॅटच्या कुळात सिसकॉन्फिग फोल्डरात. कार्ड वापरतच नसाल तर ते संगणकाबरोबर आपोआप सुरू होणार नाही असं करून ठेवा. डायलरमध्ये 'ही जोडणी डिफॉल्ट रूट करा' असा पर्याय असेल तर तो चालू आहे ना तेही बघा.

दुसरा पिंग चालला आणि तिसरा अडला, तर वाट बरोबर आहे आणि डीएनएस राहिलंय. पीपीपीडीच्या मांडणीत 'यूजपीअरडीएनएस' घाला. सेवादात्याकडून आलेले डीएनएसचे पत्ते तो ईटीसीमधल्या पीपीपी फोल्डरात रिझॉल्व्ह.कॉन्फ नावाच्या फाइलमध्ये लिहितो. पण सगळे प्रोग्राम वाचतात ती रिझॉल्व्ह.कॉन्फ थेट ईटीसीमध्ये असते. तिथपर्यंत पत्ते पोचवायचं काम डिस्ट्रोच्या स्क्रिप्टचं असतं आणि काही डिस्ट्रोंत ते होत नाही. तेव्हा 'नेमसर्व्हर' लिहून पुढे पत्ता, अशा एक-दोन ओळी तुम्हीच त्या फाइलमध्ये टाका.

वेगाबद्दल थोडं

जोडल्यावर 'कनेक्ट ११५२००' दिसलं तर तो तुमच्या संगणक आणि मोडेममधला वेग आहे, फोनच्या लाइनवरचा नव्हे. १९९८ च्या व्ही.९० या मोडेमच्या प्रमाणात येणाऱ्या डेटाचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ५६ किलोबिट आणि जाणाऱ्याचा ३३.६. तोही सेवादात्याच्या बाजूने सगळी लाइन डिजिटल असेल तरच, आणि प्रत्यक्षात चाळिशीत आकडा मिळाला तरी लाइन चांगली म्हणायची. पोर्टाचा वेग मात्र ११५२०० च ठेवा, कारण मोडेम डेटा दाबून पाठवतो आणि संगणकाकडे तो उलगडून येतो. हार्डवेअर फ्लो कंट्रोल, पीपीपीडीत 'सीआरटीएससीटीएस', चालू नसेल तर छोटी पानं उघडतात आणि मोठी फाइल मध्येच रखडते. उतरवण्यासाठी ब्राउझरऐवजी 'डब्ल्यूगेट -सी' वापरायची सवय लावा. लाइन तुटली तरी पुढच्या वेळी फाइल जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. मोडेमवर याचं मोल फार आहे.

डायलर कुठला वापरावा? टर्मिनलची भीती नसेल तर डब्ल्यूव्हीडायल. त्याचा डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ हा साथीदार सगळी पोर्टं हुडकून मोडेम शोधतो आणि मांडणी लिहून देतो. तुम्हाला फक्त नंबर, नाव, पासवर्ड भरायचं राहतं. खिडकीवाला हवा तर जुन्या डिस्ट्रोंत मिळणारा केपीपीपी चांगला आहे, त्यात लॉग बघायचीही सोय आहे. दोघांच्याही मागे काम करतो तो पीपीपीडीच, त्यामुळे वरचं सगळं दोघांनाही लागू आहे.

एक गोष्ट टाळू नका. मोडेमने जोडल्यावर तुमचा संगणक बहुधा थेट इंटरनेटवर असतो, मध्ये कुठलंही राउटर नसतं. न लागणाऱ्या सेवा बंद करा आणि आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने पीपीपी० वरून येणारी, तुम्ही न मागितलेली प्रत्येक जोडणी नाकारा. डिस्ट्रोमध्ये फायरवॉलची तयार मांडणी असेल तर तीही पुरते.

तुमच्यासाठी क्रम असा: दुसऱ्या डायलरने जोडा, 'रूट -एन' बघा, गेटवे काढा, परत जोडा, तीन पिंग करा. पान उघडलं की मगच पहिल्या डायलरचं पोर्ट नीट करा. त्यानंतरही अडलं तर मदत मागताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका. 'रूट -एन'चं उत्तर, तिन्ही पिंगचं उत्तर आणि 'कनेक्ट'पासून पुढचा पीपीपीडीचा लॉग जसाच्या तसा द्या. फक्त त्यात पासवर्ड कुठे दिसत नाही ना, ते आधी बघून घ्या.